बंद मोटरचा ब्रेक

"हे मेली हाये का नुसती झोपली?" किसनजींनी बॉनेटवर थाप मारून मला विचारलं.

"झोपली आहे," मी म्हणालो. "अमरावतीला नेऊन उठवायची आहे."

"मंग झोपेतच नेऊ. जागी असती तं माये बैल बिचकले असते."

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका अरुंद बोळात आम्ही तिघं उभे होतो. मी अमरावतीचा मोटर मिस्त्री. किसनजी मूर्तिजापूरकडचे शेतकरी, बैलजोडी त्यांची. तिसरे मोर्शीचे डॉक्टर, मोटर त्यांची. एक वकील वारल्यावर ती त्यांच्या शेडमध्ये कैक वर्षं पडून होती. डॉक्टरांनी वकिलांच्या पत्नीकडून ती घेतली होती.

डॉक्टरांना मोटरची हौस नव्हती. शेंदूरजनाघाटापर्यंतच्या खेड्यांतून त्यांना बोलावणी यायची. ते रेंगीत बसून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून जायचे, आणि कधी कधी ते पोहोचेपर्यंत घरात रडणं सुरू झालेलं असायचं. लढाई चालू होती, नव्या मोटरी येत नव्हत्या. साठवलेलं होतं ते त्यांनी या जुन्या गाडीत घातलं आणि उरलं ते दुरुस्तीसाठी राखून ठेवलं. ते वाहतुकीत गेलं असतं किंवा वाटेत काही मोडलं असतं, तर मोटर माझ्या गॅरेजमागे कोंबड्या बसायला उरली असती. हे मला पुरतं ठाऊक होतं. म्हणून पुढे जे झालं त्याचं ओझं मी अजून वागवतो.

इंजिन जाम होतं. जाम म्हणजे आतले पिस्टन गंजून सिलिंडरला धरून बसतात आणि हँडल मारलं तर हँडलच हाताला झटका देतं. अशी गाडी हलवायचे तीन रस्ते होते. रेल्वेचा उघडा वॅगन. पण लढाईच्या मालापुढे आमच्या अर्जाकडे कोण बघतो? स्टेशन मास्तर भले गृहस्थ, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि नाही म्हणाले. दुसरा रस्ता लॉरी. तिचं भाडं ऐकून डॉक्टरांनी पाणी मागितलं. तिसरा, एका मोटरने दुसरी ओढायची. तर पेट्रोल कूपनावर, आणि कूपनं रोग्यांसाठी जपून ठेवलेली.

चौथा रस्ता मला कापसाच्या बाजारात दिसला. कापूस उतरवून गाड्या रिकाम्या परत जात होत्या. किसनजींच्या दोन गाड्या होत्या. एक त्यांनी दुसरीच्या मागे बांधून गड्याबरोबर घरी धाडली आणि तिची जोडी आमच्यासाठी ठेवली. त्यांची लेक बडनेऱ्याला दिलेली होती, नुकतीच बाळंत झाली होती. "तसंबी मले नात पाह्याले जाचंच होतं," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं गेलो असतो, आता मोटर घेऊन जातो."

टायर कुजलेले, ट्यूब नाहीत. मी जिनातून, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, रुईचा कचरा आणून टायरांत ठासून भरला. किसनजी बघत होते. "आमच्या गादीत येवढी रुई नाई, मिस्त्री." मग गियर न्यूट्रलला घातला, स्टिअरिंगला तेल दिलं. हँडब्रेकची लिव्हर ओढून पाहिली. हाताला घट्ट लागली. घट्ट आहे म्हणजे धरतो आहे, असं मानून मी पुढे गेलो.

इथे मी चुकलो. मोटरचा ब्रेक लोखंडी दांड्यांनी मागच्या चाकांतल्या ड्रमला जोडलेला असतो. दांड्यांचे सांधे गंजले तरी लिव्हर घट्टच लागते, पण तो घट्टपणा गंजाचा असतो. चाकापर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही. हे मला येत नव्हतं असं नाही. इंजिनच बंद आहे तर गाडी पळणार कुठे, असा विचार करून मी चाकाखाली वाकलो नाही. एवढंच.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही निघालो. बैलांच्या जुवाला जाड दोर, दोराचं दुसरं टोक पुढच्या ॲक्सलला. मी स्टिअरिंगवर, डॉक्टर मागच्या सीटवर औषधांची पेटी मांडीवर घेऊन, किसनजी बैलांबरोबर पायी. सडक सपाट होती, बैल खुशीत चालले. रस्त्याने लोक थांबून बघायचे.

"काहून डाक्तर, पेट्रोल सरलं का?"

"आता कडबा खाते वाटते मोटर."

डॉक्टर सगळ्यांना नमस्कार करत होते. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपार कलल्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे एका नाल्याचा उतार लागला.

बैलगाडीला लाकडी दांडी असते. उतारावर गाडी पुढे रेटली तरी ती दांडी तिला बैलांपासून लांब ठेवते. आमच्याकडे दोर होता. दोराने ओढता येतं, थोपवता येत नाही. मोटर आपल्या वजनाने घरंगळू लागली, दोर सैल पडून जमिनीवर आला. मी पायाचा ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. लिव्हर घट्ट, गाडी चालूच. मी ओरडलो आणि चाक कडेच्या मुरुमाच्या ढिगाकडे वळवलं. ढिगात शिरता शिरता पुढचा बंपर लाल्या नावाच्या बैलाच्या मागच्या पायाला घासून गेला.

लाल्या तीन पायांवर उभा होता. डॉक्टरांनी पेटी उघडली, गुडघे टेकले, जखम धुऊन आयोडीन लावलं. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "कातडी गेली आहे. दोन दिवसांत भरून येईल."

किसनजींनी दोर सोडला. बैल बाभळीखाली नेऊन बांधले. मग माझ्याकडे आले.

"तू म्हनला होता का बिरेक हाये?"

"म्हणालो होतो."

"पाह्यला होता?"

"वरून पाहिला होता. खाली वाकून नाही."

माझे वडील भिक्षुकी करायचे. समोरचा यजमान कितीही रागावला तरी मान खाली घालून ऐकायचं, हे त्यांचं मला आलं. मंत्र नाही आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. पण किसनजी रागावलेही नाहीत. "माया बैल जनावर हाये," ते म्हणाले. "तुया भरवशावर मी त्याले पुढं बांधलं. आता मी नाई येत पुढं."

डॉक्टर मध्ये पडले. "किसनजी, निदान मूर्तिजापूरपर्यंत चला. उद्या सकाळी."

"उद्या सोमवार हाये, डाक्तरसायेब. सोमवारी आमी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाई. मायबाप सरकार आलं तरी नाई. लाल्याचा पाय सुजला का नाई ते मंगयवारी पाहीन आन् घरी जाईन."

निघायचा वार ठरवताना सोमवार माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण तोच आमच्या कामी आला. बैल कुठेही जाणार नव्हते आणि मला अख्खा दिवस होता.

सकाळी मी मोटरखाली शिरलो. ब्रेकच्या दांड्या सोडवल्या, सांध्यांवर घासलेट टाकून ठोकून ठोकून गंज काढला. ड्रम उघडले तर आतलं लायनिंग, म्हणजे चाकाला दाबून धरणारी पट्टी, भुगा होऊन पडलं होतं. डॉक्टर पायी मूर्तिजापूरला गेले आणि तिथल्या एका जिनातून मशीनच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे मागून आणले. जिनमालकाच्या आईला ते तपासूनही आले होते. पट्टा कापून मी लायनिंगच्या जागी रिव्हेट मारून बसवला. दोराच्या जागी जवळच्या वाडीतून मागितलेली बैलगाडीची दांडी ॲक्सलला जखडली. किसनजी बाभळीखाली बसून हे सगळं पाहत होते. मधून मधून लाल्याच्या पायावरच्या माश्या हाकलत होते.

ऊन उतरलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. "किसनजी, ब्रेक झाला. आता धरतो."

"परवाबी धरत होता."

"पाहून घ्या."

ते उठले, मोटरभोवती फिरले, दांडीवर हात ठेवला. "दांडी काढ. डाक्तरसायेब बिरेकवर बसतीन, मी मागून ढकलतो. तू बैलाच्या जागी उभा राय."

डॉक्टर म्हणाले, "असं नका करू. मी कधी मोटर चालवलेली नाही."

"तुमाले चालवाची नाई. थांबवाची हाये."

दांडी सोडून आम्ही गाडी ढकलत उताराच्या माथ्यावर आणली. मी खाली, पाठ गाडीकडे करून उभा राहिलो, कारण बैलांनाही मागचं दिसत नाही. किसनजींनी ढकललं. मुरुमावर चाकांचा आवाज आला, वाढला. मग करकर झाली आणि आवाज तिरका गेला. वळून पाहिलं तर मोटर थांबली होती, पण आडवी. डावं चाक धरत होतं, उजवं मागाहून.

"भेव लागून राह्यलं का?" किसनजींनी वरून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मलेबी."

मी उजव्या चाकाच्या ब्रेकदांडीचा नट आवळला. पुन्हा गाडी वर नेली, पुन्हा खाली उभा राहिलो. या वेळी ती सरळ आली आणि माझ्यापासून हातभर लांब थांबली. डॉक्टर लिव्हर सोडायलाच तयार नव्हते. बोटं उकलावी लागली.

किसनजी लाल्याजवळ गेले, त्याला चालवून पाहिलं, परत आले. "झुंजुमुंजु झाल्यावर निंघू. उतार आला का मी बिरेकवर बसीन, तू बैलं धर."

तसेच आम्ही गेलो. प्रत्येक उतारावर मी लाल्याची वेसण धरून चालत होतो आणि किसनजी गंभीर चेहऱ्याने लिव्हर धरून बसत होते. तिसऱ्या दिवशी बडनेऱ्याला त्यांच्या आग्रहावरून मोटर आधी लेकीच्या दारात नेली. तिच्या सासूने मोटरलाही कुंकू लावलं आणि नात थोडा वेळ पुढच्या सीटवर झोपवली. संध्याकाळी आम्ही अमरावतीला माझ्या गॅरेजपाशी पोहोचलो. किसनजींनी पाणीही बैलांनंतर घेतलं.

इंजिन सोडवायला पुढे बरेच आठवडे लागले, पण ते साधं काम होतं. डॉक्टर आजही तीच मोटर चालवतात, हळू चालवतात, आणि मोर्शीकडची माणसं म्हणतात की आता ते वेळेवर येतात. लाल्याच्या पायावर केस पांढरे उगवले. किसनजींकडे गेलो की मी आधी तो पाय बघतो, ते म्हणतात, "बैल इसरला, तू काहून इसरत नाई?" मी त्यांचा चहा पितो. चांगला असतो.

बंद पडलेली गाडी आणली की लोक इंजिनाची कथा सांगायला लागतात. मी ऐकत ऐकत चाकाखाली वाकतो. जी गाडी चालत नाही तीही घरंगळते, आणि तेव्हा तिच्यापुढे कोणी तरी असतंच.