शनिवारी सकाळी गायलेलं पद

आम्ही कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत आणि जामबागच्या आमच्या गल्लीत पाऊल टाकलं की दखनी उर्दू. बाबा भूमापन खात्यात नकाशे काढायचे. हैदराबादेत आमच्या लोकांची जेमतेम पाच-सहा घरं होती. मशीद, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, नव्हतंच. दहा पुरुष जमले तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात प्रार्थना व्हायची.

मी सोळा वर्षांची असताना बाबांचे थोरले भाऊ गावाकडून आमच्याकडे राहायला आले. काकू गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. काका आमच्या समाजात कीर्तनं करायचे. धर्मग्रंथातल्या गोष्टी, त्यांनी स्वतः रचलेली मराठी पदं आणि जोडीला पेटी. गळ्यात जोर राहिला नाही म्हणून त्यांनी कीर्तन थांबवलं आणि मला शिकवायला घेतलं. आईला शंका यायची, मुलीच्या जातीनं पुरुषांसमोर गाणं शास्त्रात बसतं की नाही. काका म्हणायचे, "आपल्या बायका लग्नात, मलिद्याच्या विधीला गातातच की. आवाज देवानं दिला. तो लपवून ठेवा असं मला तरी कुठे सापडलं नाही."

तेव्हा हैदराबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी व्हायची होती. बाबांच्या कचेरीत रोज नवी यादी लागे. कोण औरंगाबादला जाणार, कोण इथेच राहणार, हे त्या यादीवरून कळायचं. शेजारच्या मावशी नांदेडकडच्या. त्यांच्या यजमानांचं नाव यादीत आलं आणि त्यांनी भांडी गोण्यांत भरायला सुरुवात केली. रेडिओवरचा मराठी कार्यक्रमही आता बंद होणार, असं सगळे म्हणत होते.

माझ्या शाळेतल्या बाईंनी माझं नाव त्याच कार्यक्रमासाठी सुचवलं. आवाजाची परीक्षा झाली आणि मला घेतलं. मी काकांचंच एक पद म्हणून दाखवलं होतं, भावांनी विहिरीत टाकलेल्या मुलाचं. घरी पत्र आलं तेव्हा काकांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघून हसले. मग वार पाहिला आणि पत्र बाबांच्या हातात दिलं.

शनिवार, सकाळी साडेनऊ. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत आमचा शब्बाथ, कामं बंद ठेवायचा पवित्र दिवस.

बाबा मला घेऊन रेडिओच्या कचेरीत गेले. तिथले साहेब भले माणूस होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. "बेटी, हफ्ते के दिन नक्को बोले तो मैं क्या करूँ? दिन मेरे हात में नहीं," ते म्हणाले. दखनीत हफ्ता म्हणजे शनिवार. "किसी और बच्ची को बुला लेतूँ."

त्या संध्याकाळी बाबा आणि काका समोरासमोर बसले. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते.

"दादा, नुसतं गाणंच आहे ना?" बाबा म्हणाले. "शब्बाथला आपण घरी गातोच."

"घरी गातो. तिथे तिचा आवाज यंत्रात जाणार. तारांमधून वीज धावणार, हजार घरांत पोचणार. तिच्या गळ्यानं ते सगळं पेटणार. शब्बाथला पेटवायचं नसतं."

"ही वीज आहे. आग नव्हे."

"मोठमोठे जाणते यावर वाद घालतात. मी कोण ठरवणारा? पण मला शंका आहे, आणि शंका असताना मी पोरीला पाठवणार नाही."

"आणि आम्ही शुक्रवारीच रेडिओ लावून ठेवला तर? शनिवारी कुणी बटणाला हात लावायचा नाही."

"बटणाचं सोड. आपलीच पोर शब्बाथ मोडणार आणि आपण तो मोडलेला ऐकून सुखावणार. ते कसं चालेल?"

बाबांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "दादा, मी रोज कागदावर रेघा ओढतोय. आपली भाषा इथून निघून चालली आहे. पोरीला एकदा तरी गाऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं तू ठरव."

ते मला आवडलं नाही. मला कुणीतरी हो किंवा नाही म्हणायला हवं होतं.

शुक्रवारी आईनं दिवे लावण्याआधी बाबांनी रेडिओ सुरू केला, आवाज अगदी बारीक केला आणि वर टॉवेल टाकला. काकांनी पाहिलं. द्राक्षांच्या सरबतावर त्यांनीच नेहमीसारखा आशीर्वाद म्हटला, पण जेवले थोडंच. मी पानावर बसून होते.

सकाळी मी उठले तेव्हा काकांनी टोपी घातली होती. "मी नदीकडे जाऊन येतो," एवढंच म्हणाले आणि गेले. मग मीही निघाले. बसमध्ये चढले नाही, रिक्षा केली नाही. पाऊण तास चालत गेले. शब्बाथला वाहनात बसत नाहीत. एक नियम मोडायला निघाले होते, निदान दुसरा तरी सांभाळावा असं डोक्यात होतं. आज त्याचं हसू येतं, पण त्या दिवशी मला त्याचा फार आधार होता.

खोलीत जाड पडदे होते. लाल दिवा लागला आणि मी गायले. पेटीवाला अनोळखी होता, पण साथ चांगली केली. साहेब काचेपलीकडून मान डोलावत होते. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही.

घरी आले तर मावशी आमच्याकडे येऊन बसल्या होत्या, रडून डोळे लाल. आईनं मला जवळ घेतलं. बाबा खिडकीशी उभे होते. काका दुपारीही आले नाहीत. संध्याकाळी तीन तारे दिसल्यावर, शब्बाथ संपल्यावर आले. पाय धुतले, पाणी प्यायले आणि खाली बघतच म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात मधेच श्वास घेतलास. तिथे ओळ तोडायची नव्हती."

बाबा काही बोलायला गेले, पण काका आत निघून गेले होते.

त्यानंतर त्यांनी मला शिकवलं नाही. पेटी कोपऱ्यात राहिली. दर सोमवारी आणि गुरुवारी ते उपास करू लागले. आई विचारायची, तब्येत बरी नाही का. ते म्हणायचे, बरी आहे. ते माझ्यासाठी उपास करताहेत अशी माझी समजूत झाली, आणि मला राग येऊ लागला. माझं पाप मी निस्तरीन, यांना कुणी सांगितलंय, असं मनात यायचं. महिना दीड महिना आम्ही एका घरात राहून एकमेकांशी कामापुरतं बोललो.

मग दारफाळणीचा सण आला. आमच्यात त्या दिवशी दारं लावून घेतात, अन्नपाणी घेत नाहीत, दिवसभर प्रार्थना करतात. त्याआधी लहानांनी मोठ्यांची माफी मागायची. मी काकांपुढे जाऊन वाकले.

"थांब," ते म्हणाले. "आधी तू मला माफ कर."

"कशाबद्दल?"

"मी त्या दिवशी घरात तुझं गाणं कानावर पडायला नको म्हणून बाहेर गेलो. अफझलगंजला एका हॉटेलात रेडिओ चालू होता. बसने आलेली आपली मराठी माणसं चहा पीत बसली होती. तुझा आवाज आला. मला पुढे जाता येत होतं. मी उभा राहिलो, शेवटपर्यंत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि मला आनंद झाला. तुझ्या बापाला जे नको म्हणालो, तेच मी रस्त्यात उभं राहून केलं. उपास त्याचेच. आणि त्याची शिक्षा तुला दिली, शिकवणं बंद करून."

"म्हणजे मी गायले ते चूक होतं?" मी विचारलं.

"चूकच होतं," ते म्हणाले. "आणि चांगलं गायलीस."

मी त्यांना माफ केलं म्हणाले. त्यांनीही माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण दोघांचंही मन हलकं झालं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

बाबांचं नाव इथे राहणाऱ्यांच्या यादीत आलं. मावशी औरंगाबादला गेल्या. दिवाळीनंतर काकांनीही गावी परतायचं ठरवलं. तिथे मशीद होती, दहा माणसं सहज जमत. पेटी मात्र त्यांनी माझ्यासाठी ठेवली. मी पुढे रेडिओवर बऱ्याचदा गायले, तेलुगूसुद्धा, आणि शनिवार आला तर नाही म्हणत राहिले. धर्म म्हणून की काकांसाठी, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. ते पद मी पुन्हा कुठेच म्हटलं नाही.