गप्प उभी राहिले, तेव्हा चिंगीने पाहिलं

मंगळवारी सकाळी दूधविनायकाच्या गल्लीत, चारचौघांसमोर, मी आमच्या कुत्रीपुढे अक्षरशः हात जोडले. "चिंगी, बाई माझे, बघ गं इकडे..." बाईसाहेब एका सांडाच्या शेपटीकडे बघत होत्या. माझ्याकडे ढुंकूनही नाही!

चिंगी आठ महिन्यांची. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती. आम्ही मूळचे सांगलीचे, नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे दोन वर्षं बनारसमध्ये... इथे दिवसभर माझं मराठी ऐकून घेणारं घरात हेच एक माणूस.

पण गल्लीत नेलं की ही मला ओळखच दाखवत नाही. आदल्या आठवड्यात पट्टा हिसकून पळाली आणि बाइकखाली येता येता वाचली. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "पुढच्या रविवारी हिला गंगेपलीकडे रामनगरला देऊन टाकू. ऑफिसातल्या एकांकडे मोठं अंगण आहे, तिथे निदान जगेल तरी." त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच रडू आलं.

मला एकच कोडं पडलं होतं... हिला ऐकू येत नाही का? डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. तसं ते मलाही माहीत होतं म्हणा, तिसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तरी ही हजर! शिट्टी वाजवून झाली, पनीर झालं, पेढासुद्धा झाला. पेढा खाल्ला आणि पुन्हा सांडाकडे बघायला लागली.

उत्तर मिळालं ते खालच्या मजल्यावर. आमचे घरमालक गुरुजी, कितीतरी पिढ्या काशीतच राहिलेलं मराठी घर त्यांचं. ते ओसरीवर संथा देतात, म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि शिकणाऱ्याने मागून दोनदा. सध्या एक रिटायर्ड साहेब त्यांच्याकडे रुद्र शिकायला येतात.

बुधवारी मी जिन्यात बसून चिंगीला पट्टा अडकवत होते. तिकडे ओसरीवर साहेबांची नजर हळूच मांडीवरच्या मोबाइलकडे गेली. गुरुजी रागावले नाहीत, हाकही मारली नाही. ओळीच्या मधेच नुसते थांबले.

दोन-तीन सेकंद शांतता... साहेब दचकले आणि सरळ होऊन गुरुजींकडे बघायला लागले. आणि गंमत म्हणजे चिंगीसुद्धा! मान तिरकी, कान टवकारलेले. जी नजर मी इतके महिने मागत होते, ती गुरुजींना न मागता मिळाली. जळले मी, खरं सांगते.

संथा संपल्यावर न राहवून विचारलंच. गुरुजी हसले. "अगं, तू सकाळपासून बोलतच असतेस. तू कुठे आहेस ते तिला आवाजावरूनच मालूम असतं. मग वळून पाहायची जरूरत काय तिला?"

 

गुरुवारपासून गल्लीत तोंड बंद. चिंगीने ओढलं की मी जागच्या जागी उभी, तिने वळून पाहिलं की लगेच पनीरचा तुकडा. पहिल्या दिवशी घाटापर्यंतच्या दहा मिनिटांना पाऊण तास लागला. पानवाल्याने तर काळजीने विचारलं, "भाभीजी, तबीयत ठीक है ना?" शनिवारी मात्र ती दर थोड्या पावलांनी मान वळवून बघत होती... मी मागे आहे ना!

रविवारी अकरा वाजता रामनगरची मंडळी तिला न्यायला येणार होती. शेवटचं म्हणून सकाळी तिला भोसले घाटावर फिरवून आणलं. परत येताना गल्लीच्या वळणावर पट्ट्याचा हूक निसटला आणि चिंगी सुसाट सुटली. समोरून बाइकचा हॉर्न...

हाक अगदी ओठांवर आली होती. गिळली. तशीच गप्प उभी राहिले.

चिंगी सात-आठ पावलं गेली. थबकली. वळली... आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले तशी धावत येऊन कुशीत घुसली, आणि बाइक आमच्या शेजारून निघून गेली. भर गल्लीत, शेणामातीची पर्वा न करता, मी तिला धरून रडले.

नवऱ्याने सगळं ऐकलं आणि स्वतःच फोन करून रामनगरच्या मंडळींना येऊ नका म्हणून सांगितलं. गुरुजींना मी वाकून नमस्कार केला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुपारी जेवताना नवऱ्याला तीच गोष्ट पुन्हा, जरा रंगवून सांगत होते. तो मोबाइलमध्ये डोकं घालून "हं... हं..." करत होता. म्हटलं, बघू तरी... आणि वाक्याच्या मधेच थांबले.

टेबलाखालून चिंगीने लगेच मान वर केली. नवऱ्याने आणखी एक पोळी वाढून घेतली.

रामनगरला नक्की कुणाला पाठवायचं, याचा आता नव्याने विचार करते आहे...