पाहुण्यांपुरती खुर्ची

"सिक्स्थ बी, मराठी टीचर, प्लीज स्टँड अप."

फळ्याच्या वरच्या स्पीकरमधून आवाज आला. प्रिन्सिपल मॅडमचा. वर्गातल्या कॅमेऱ्यातून त्या केबिनमध्ये बसून सगळं बघतात, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मी पहिल्या बाकाच्या कडेला टेकले होते. पुरती बसलेही नव्हते. सकाळपासून उभी होते, टाच ठणकत होती, मुलं निबंध लिहीत होती. म्हटलं, जरा टेकू.

'स्टँड अप' ऐकल्याबरोबर अख्खा वर्ग उभा राहिला. सवयच तशी. मीही उठले. मग मुलांच्या लक्षात आलं की हे आपल्याला नव्हतं. एकेक जण खाली बसला. मी उभीच. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी कॅमेऱ्याकडे बघून "सॉरी मॅडम" म्हणाले. कॅमेऱ्याला ऐकू येतं की नाही, तेही मला माहीत नव्हतं. तरी म्हणाले.

नाव तरी घ्यायचं होतं. तेही नाही. मराठी टीचर.

आमच्या शाळेत शिक्षकांना वर्गात खुर्ची नाही. पूर्वी होती. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या काढून टाकल्या. "चांगली टीचर बसत नाही. ती मुलांमध्ये फिरते," असं मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं. सांगताना त्या बसलेल्या होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

शाळा करंजाड्यात आहे आणि मी तिथल्याच बाजूच्या गावातली. टॉवर यायच्या आधी इथे सगळं भात होतं. आमचंही. आमचं खाचर नेमकं कुठल्या सेक्टरखाली गेलं, ते आता बाबांनाही नीट दाखवता येत नाही. आईचा जन्म वाकून लावणी करण्यात गेला. म्हणून मी बी.एड. करून शाळेत लागले तेव्हा बाबांनी अख्ख्या आळीत सांगितलं, "पोरगी खुर्चीव बसनार हाय आता." बाबांच्या लेखी नोकरी म्हणजे खुर्ची. पगार त्यांनी विचारलाच नव्हता.

संध्याकाळी घरी आले की आई माझे पाय बघायची. "कशानी सुजलं गो पाय तुजं? तुला तं खुर्ची हाय ना?"

"हाय," मी म्हणायची. रोज म्हणायची. कोमट पाण्यात पाय सोडून बसायची आणि वह्या तपासायची. बोलायचीही ताकद नसायची.

मग कळलं की शाळेत संशोधन होणार आहे. विद्यापीठातून एक मुलगी येणार. शिक्षक काय मानतात, वर्गात कसं शिकवतात आणि कामाच्या जागी बरे आहेत का, हे ती बघणार. मॅडमना भलताच उत्साह. वेलबीइंग, वेलबीइंग. आम्हाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि ती काय विचारेल, आपण काय सांगायचं, हे आमच्याकडून घोटून घेतलं. वेलबीइंगच्या तयारीत त्या आठवड्यात मी एकदाही वेळेवर घरी गेले नाही.

शुक्रवारी ती आली. त्या सकाळी प्रत्येक वर्गात एकेक खुर्ची. हॉलमधल्या निळ्या खुर्च्या. शिपाई मावशी माझ्या वर्गातली ओल्या फडक्याने पुसत होत्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी हात ठेवला तशा मावशी हळूच म्हणाल्या, "बसायचं नाय हां टीचर. मॅडमनी सांगितलंय. नुसती ठेवायचीय."

सबंध तास मी त्या खुर्चीभोवती फिरले. हसत हसत, हातवारे करत. ती मुलगी शेवटच्या बाकावर बसून टिपून घेत होती.

मधल्या सुट्टीच्या आधी तिने मला लायब्ररीत बोलावलं. एकटीला. दार लावून घेतलं. तुमचं नाव कुठेही येणार नाही, म्हणाली. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. "मॅम, बसा ना," ती म्हणाली, तेव्हा लक्षात आलं. बसले. कडेलाच.

तिने बरंच विचारलं. मी घोटलेली उत्तरं देत गेले. मग तिने विचारलं, "चांगल्या शिक्षकाने वर्गात बसू नये, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात?"

"पूर्ण सहमत."

ती लिहायला लागली आणि थांबली. "हे तुमचं मत आहे, की शाळेचा नियम?"

तिच्या दृष्टीने साधा प्रश्न. त्या खोलीत मॅडम नव्हत्या. कॅमेरा नव्हता. दार बंद. तरी मी घोटलेलंच बोलले होते. आणि बोलताना आपण खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही. ते मला लागलं. स्पीकरवरच्या त्या आवाजापेक्षा जास्त लागलं. खुर्ची काढली, ती निदान दिसली. पण बसणं म्हणजे कामचुकारपणा, हे माझ्या डोक्यात कधी गेलं? मी माझं स्वतःचं मत शोधत होते आणि हाताला येत होते फक्त माझे दुखणारे पाय.

"खोडा ते," मी म्हणाले. "माझे पाय दुखतात. वर्गातली ती खुर्ची आज सकाळी आणलीय. तुम्ही गेलात की जाईल."

तिने वर बघितलं. "हे लिहू मी?"

"लिहा."

ती सुट्टीत निघून गेली. सुट्टीनंतर मला पुन्हा सहावी ब होती. खुर्ची अजून तिथेच. मी ती ओढली आणि बसले. पाठ टेकून बसले. मुलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. त्यांनाही माहीत होतं.

"मराठी टीचर, स्टँड अप." या वेळी प्लीज नव्हतं.

पोरं अर्धवट उठली. "बसा," मी म्हणाले. "तुम्हाला नाही. मला सांगतायत." मी शूर वगैरे नाही. घर माझ्या पगारावर चालतं. "पुढचा परिच्छेद कोण वाचतंय?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी वाचायला लागली. स्पीकर पुन्हा ओरडला. ती थांबली. मी म्हटलं, "वाच." तिने वाचलं.

शाळा सुटल्यावर बोलावणं आलं. मॅडमच्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत, त्या पालकांसाठी. शिक्षक मागे उभे राहतात.

"तुम्हाला घेतलं तेव्हा तुमचं बोलणंसुद्धा गावठी होतं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला घडवलं. सोमवारी त्याच वर्गात, मुलांसमोर, सॉरी म्हणायचं. नाहीतर पुढे काय, ते तुम्हाला समजतं."

"मी सॉरी नाय बोलनार," मी म्हणाले. घरचीच भाषा आली तोंडातून. मी ती आवरली नाही.

निघताना पाहिलं, मावशी निळ्या खुर्च्या एकावर एक रचून हॉलकडे नेत होत्या.

घरी आईने तेच विचारलं. या वेळी मी म्हणाले, "नाय आये. खुर्ची नाय मला तिथं. कदीच काढून घेतली ती." बाबा जेवत होते. त्यांचा हात थांबला. तेव्हापासून ते आळीत गेले नाहीत, ओटीवरच बसून आहेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आज रविवार. ओटीवरची प्लास्टिकची खुर्ची मी धुऊन उन्हात ठेवलीय. उद्या रिक्षात मांडीवर घेऊन जाईन. वॉचमन अडवेल, तर गेटवर मांडेन. नोकरी जाईल बहुतेक. मग दुसरी शाळा शोधेन, आणि तिथे पगाराच्याही आधी विचारेन, वर्गात शिक्षकाला खुर्ची आहे का.

पण सॉरी म्हणणार नाही. सहावी 'ब'चा चौथा तास माझा आहे. मी बसून शिकवणार. मला उठवायचं असेल तर मॅडमना केबिनमधून उठावं लागेल, वर्गात यावं लागेल, माझं नाव घ्यावं लागेल. आणि तरी मी उठणार नाही.