पायाळूचा पाय

१२ फेब्रुवारी १९६४. अमडापूरजवळच्या एका खेड्यात, दवाखान्यात, मी स्टोव्हवर सुया उकळत होते. आधीच सांगते — भूत, करणी, दृष्ट यांवर माझा काडीचा विश्वास नाही. वीस वर्षं बाळंतपणं केली... किळस आली ती माणसांचीच.

पाणी उकळेपर्यंत एका दोन महिन्यांच्या मुलीच्या छातीला नळी लावली. ठोके लांबून आले — भरलेल्या रांजणाच्या तळाशी कुणी ठोकत असावं तसे. पोर तर हसत होती! नळी झटकून पुन्हा लावली. स्वच्छ टकटक.

तेवढ्यात गावातला गणपत धावत आला. "बाई, चाला लवकर! सकाळी पोट्टं झालं, आता निळं पडून राह्यलं."

त्याच्या घरी पाहते तर बाळाच्या छातीवर शेणाचा अंगठा उमटलेला. जन्मल्यावर रडलं नाही म्हणून आजीने गावातल्या पायाळूचा पाय त्याच्यावर ठेवला होता. पायांकडून जन्मलेला तो माणूस... त्याची लाथ बसली की मोठ्यांची धरलेली कंबर सुटते म्हणे. गोठ्यातून तसाच आलेला. भेगाळलेली टाच, बोटांत शेण.

"पाय कशाला दिला?"

"रडलं ना मंग!" आजी म्हणाली. "हळूच देला, बाई. तुमची सुई त अजून उकळूनच राह्यली असन."

मी नळी लावली. तेच ठोके. रांजणातले.

एरवी मी जन्मताना गुदमरलंय समजून तोंडाने श्वास देत बसले असते. पण ते बुडालेले ठोके ऐकून लक्षात आलं — छाती दबून हृदयाभोवती रक्त साचलंय. जीप मिळवली, थेट बुलढाणा गाठलं. डॉक्टरांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि छातीत सुई घातली. काळपट रक्त आलं... हळूहळू बाळाच्या ओठांना रंग आला.

"हे तुम्ही ओळखलंत कसं? मी फक्त पुस्तकात वाचलंय."

"ठोके बुडालेले होते," एवढंच म्हटलं. दवाखान्यातली ती मुलगी ठणठणीत आहे. तिच्या छातीतून मला काय ऐकू आलं, अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंबडीचं एक अंडं घेऊन पायाळूच्या अंगणात गेले. आजीलाही बोलावलं. अंडं जमिनीवर ठेवलं.

"दे पाय," म्हटलं. "हळूच."

त्याने पाय उचलला, आजीकडे पाहिलं... आणि तसाच मागे घेतला.