देवरावकाकांचा तळहात

देवरावकाका गेले हे मले फोनवर समजलं. नागपूरहून त्यांच्या पोराचा फोन होता, मी ऑपरेशन थेटरात ट्रे लावून राह्यलती. "ताई, बाबा गेले." मी म्हणली, "हौ." अन् ट्रे लावतच राह्यली... दीड महिना झाला, अजून तसंच चालू हाय. रडू येतच नाई. म्हणून भराभर टाईप करून राह्यली, चुका सांभाळून घ्या.

बालाघाटच्या आमच्या दवाखान्यात काका थेटर अटेंडंट, मी नर्स. पेशंटचा श्वास अडकला की डॉक्टर दिवा लागणाऱ्या एका ब्लेडनं जीभ उचलतात, घसा दिसला की श्वासाची नळी आत टाकतात. ते स्टीलचं ब्लेड म्हणजे काकांचं! धुणं, औषधात बुडवणं, पुसणं, सगळं तेच करत. रोज सकाळी त्याचा बल्ब चिमटीनं कसत, डाव्या तळहातावर उजेड पाडत अन् स्वतःलेच म्हणत, "हौ."

मी नवी नवी होती. ट्रेनिंगमध्ये एकदा वापरून फेकायचं प्लास्टिकचं ब्लेड पाहून आलती, मले तेच पायजे होतं! एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जायची भानगडच नाई ना. डॉक्टर सरांच्या मागं लागून लागून एक डबा मागवला. काका हसले, "पोरी, तुले तं रोजच पत्रावळ पायजे."

"ताट धुवाले तुम्ही हाव म्हणून बोलता. तुम्ही नसले मंग?"

"नसलो तं पाहून घेजो."

काका म्हणत, भरवेलीच्या खाणीतला जाड मानेचा माणूस आला तं हे प्लास्टिक लवून जाईन. एकदा लवलंही. तरी आमचं भांडण चहासोबत रोज चाले.

जुलैत काका धानाच्या रोवणीसाठी गावाले, रामपायलीले गेले, चार दिवस. पाचव्या दिवशी दुपारी जीपमधून त्याईलेच आणलं. धानाच्या बांधीतच पडलते. ओठ निळे. सर ओरडले, "ब्लेड!" दोन्ही समोर होते. मी स्टीलचं दिलं... वाटलं, काकांले तेच आवडन.

दिवा लागलाच नाई. बल्ब ढिला होता. चार दिवस कोणीच पाह्यला नोता, काका पाहतात ना, म्हणून कोणाच्या ध्यानातच नाई. मी प्लास्टिकचं पाकीट फाडलं, सरांनी नळी टाकली. मधात किती वेळ गेला... खरंच सांगता येत नाई. सर म्हणतात, मेंदूतली नस आधीच फुटलती, त्यानं काही फरक नाई पडला. असंन. तिथून नागपूरले नेलं, तीन दिवसांनी तो फोन.

मागच्या हप्त्यात सरांनी मागणीचा कागद पुढं केला. "आता सगळे फेकायचेच मागवू ना? तूच तर मागे लागली होतीस." वर्षभर ज्याच्यासाठी भांडली ते असंच भेटून राह्यलतं.

"मागवा सर. पण स्टीलचं ट्रेमध्ये राहू द्या."

"का?"

"डबा संपला तं..." सरांनी मान हलवली.

आता रोज सकाळी मी ते ब्लेड उचलते, बल्ब कसते, डाव्या तळहातावर धरते. काल नवीन आलेल्या सिस्टरनं विचारलं, "दीदी, प्लास्टिक वाला तो आ गया, फिर इसको रोज क्यों देखते हो?" मी तळहातावर उजेड पडायची वाट पाह्यली. पडला, तवा म्हणली, "हौ."