खाटेला अडकलेला पाना

आमच्या धाकट्याला गल्लीत सगळे मिस्त्री म्हणतात. मोटरसायकली दुरुस्त करतो. त्याची बायको गेली तेव्हा मी थोरली बहीण म्हणून त्याच्याकडे राहायला आले. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. इतका गुणी तो जन्मात कधी नव्हता, म्हणून तर माझ्या जिवाला घोर. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा म्हटलं, चला, माणूस मार्गी लागला.

मग एका सकाळी दूधवाला गाडी ढकलत आला.

"मिस्त्री, काय करून ठेवलंस हे? हँडल मधेच अडकतं. कुठं वळायचं ते मी ठरवायचं की गाडीनं?"

धाकट्यानं हँडल हलवून पाहिलं. "घट्ट झालंय."

"ते मलाही कळतं! दुधाच्या कॅनसकट आडवा होणार होतो. आता दुसरीकडे दाखवतो. रागावू नकोस."

"नाही रागावत."

आणि खरंच नाही रागावला. तीच तर पंचाईत. आधीच दोन-चार गिऱ्हाइकं तुटली होती, हाही गेला तर दुकानात माश्या मारायच्या. मीच मध्ये पडले. "उद्यापर्यंत ठेव की रे बाबा."

"तुमच्या शब्दाखातर हं, आजी," म्हणून गाडी ठेवून गेला.

हँडलच्या मानेत छर्‍यांचं बेअरिंग असतं, त्यावर कडेला खाचा असलेला गोल नट. ढिला राहिला तर ब्रेक मारताना टक्कन वाजतं, जास्त आवळला तर हँडल जड होतं. त्या खाचेत टोकाला आकडा असलेला पाना अडकवून तो अलगद फिरवायचा असतो. बाकीचे मिस्त्री छिन्नी लावून हातोडीनं ठोकतात. धाकटा त्यांना लोहार म्हणून हसायचा. आता नटावर त्याच्याच छिन्नीचे ताजे घाव दिसत होते.

"तुझा पाना कुठाय?"

"सापडत नाही."

काखेत कळसा नको म्हणून आधी घर पालथं घातलं. मग शेजारच्या गॅरेजमधून एक पाना आणला, तो मोठा, खाचेतून निसटायचा. बाजारातून नवा आणला, तो जाडा, फटीत शिरेना. धाकट्यानं मुकाट्यानं पुन्हा छिन्नी उचलली. मी ती हातातून काढून घेतली.

"शेवटचा कधी धरला होतास, आठव."

"हिला बसवताना."

बायकोच्या आजारपणात भाड्यानं आणलेल्या खाटेची पाठ वर करायचा दांडा तुटलेला होता, नुसती खाचांची कडी उरली होती. त्या कडीत धाकटा आपला पाना घालून तिला उठवून बसवायचा. ती गेल्यावर खाटवाल्यानं खाट परत नेली ती पान्यासकट.

खाट आता ज्यांच्याकडे होती त्यांचा पत्ता खाटवाल्यानं दिला. दोघं गेलो. दार उघडलं ते त्या घरच्या सुनेनं. आत तीच खाट, कडेला पाना लटकवलेला, वर तिचे सासरे.

"हा खाटेचाच ना?" ती घाबरली. "याच्याविना पाठ वर होत नाही हो. पडून घास गिळवत नाही त्यांना."

म्हातारबुवा म्हणाले, "न्यायचाच असेल तर आधी मला बसवून ठेवा. हे छत आता तोंडपाठ झालंय."

धाकट्यानं पाना कडीत घातला. फिरवला. "अजून वर हवं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी तोच, बायकोला विचारायचा तो. मी भिंतीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नव्हतं.

मग दोरीनं कडीचं माप घेतलं, पाना तिथंच ठेवला आणि दुकानात येऊन जुन्या सळईचा दांडा जोडून केला. दुपारी परत जाऊन बसवला. सुनेकडून वर-खाली फिरवून घेतला, म्हातारबुवांनी मान डोलावली, तेव्हा कुठं पाना उचलला.

दुकानात येऊन त्यानं दूधवाल्याच्या गाडीचं पुढचं चाक उचलून धरलं, नट सैल केला, थोडा आवळला, किंचित मागे घेतला. हँडल सोडलं तर ते आपल्या वजनानं एका बाजूला पडलं. मधून दुसरीकडे ढकललं, तिकडेही पडलं.

दूधवाल्यानं गल्लीत फेरी मारली. "आता वळते! लांब जायचे माझे कष्ट वाचले, मिस्त्री."

"बरं वाटतंय का रे?" मी धाकट्याला विचारलं.

"हँडलला, हो," म्हणाला, आणि पुढची गाडी आत ओढली.