डाव्या बाजूचा फिन

उद्या सकाळी साडेसहाला स्पृहा मालवणजवळच्या समुद्रात उतरेल, आणि तिच्या सर्फबोर्डाच्या डाव्या बाजूला कोणता फिन असेल हे मला नक्की माहीत नाही. तिला वाटतंय, आईला माहीत आहे. काळजी आहे ती हीच.

स्पृहा आमची एकुलती एक मुलगी, वय सत्तावीस. भोसरीला पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात कर्वेनगरच्या आमच्या बाल्कनीत सर्फबोर्डाचे फिन बनवते. फिन म्हणजे बोर्डाच्या पोटाला लावायचे, माशाच्या परांसारखे तुकडे. दोन बाजूंना दोन आणि मध्ये एक. "समुद्र पुण्यात येईपर्यंत हिची तयारी पूर्ण असेल," असं तिचे बाबा बाल्कनीत वर्तमानपत्र वाचायला जागा शोधताना म्हणतात. शेजारच्या वासंतीवहिनींनी विचारलं तर मी फक्त नोकरीचं सांगते. बाकीचं सांगायला एक कप चहा पुरत नाही.

हिला लहानपणापासून वस्तू वाकवून बघायची खोड. तिसरीत असताना वर्गातल्या एकूण एक फूटपट्ट्या बाकाच्या कडेवर वाकवून, कोणती किती वाकते याची वही केली होती. अकरा तुटल्या. बाईंनी मला बोलावून घेतलं, तर ही त्यांनाच समजावत होती, "बाई, लाकडाची आधी आवाज करते. प्लॅस्टिकची सांगतच नाही."

फिनचं शास्त्र तिने मला स्वयंपाकघरात शिकवलं, कारण तिथून मला पळता येत नाही.

"आई, थालीपीठ उलटायला तू जाड उलथनं घेतेस ना? ते वाकत नाही, सगळा जोर थालीपिठाला मिळतो. कार्बनचा फिन तसा. वळवला की बोर्ड लगेच वळतो, वेगही देतो. पण पाय चुकला तर माफी नाही."

"आणि घावन?"

"घावनाला पातळ उलथनं. ग्लास फायबरचा फिन तसा. टोकाला वाकतो, वळण संपताना परत सरळ होतो आणि पुढे ढकलतो. चूक सांभाळून घेतो. पण फारच मऊ केला, साध्या प्लॅस्टिकचा, तर मोठ्या लाटेत नुसता वाकत बसतो आणि बोर्ड घसरतो."

"आणि एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ लावलं तर?"

"तर बोर्ड एका बाजूला माझं ऐकेल, दुसऱ्या बाजूला बाबांसारखं ऐकून न ऐकल्यासारखं करेल. म्हणजे मी पाण्यात."

मी तेव्हा सहज विचारलं होतं.

मालवणला सर्फिंगची शाळा चालवणारा रविराज उद्या तिचे दोन्ही संच, कार्बनचा आणि ग्लास फायबरचा, तिलाच लाटेवर चालवायला लावून काठावरून पारखणार आहे. आवडले तर शाळेसाठी तिच्याकडूनच घेणार, आणि मग ही नोकरी सोडून तिकडेच राहायला जाणार. हे तिने आम्हाला जेवताना, कोशिंबीर वाढून घेता घेता सांगितलं.

दोन्ही संच तिने काळेच रंगवले, रविराजला नुसतं बघून ओळखता येऊ नयेत म्हणून. बुडाशी मार्करने बारीक खुणा केल्या होत्या. काल ती निघायच्या आधी मी बॅग भरायला घेतली, तर फिनवर सगळी बाल्कनीतल्या घासकामाची पांढरी भुकटी. आमच्या घरातून मळकी वस्तू परक्याकडे जात नाही. मी सहाही फिन साबण लावून घासणीने लख्ख घासले. खुणा गेल्या.

मग एकेक अंगठ्याने वाकवून बघितला. मधले दोन ओळखू आले, उजवे दोन ओळखू आले. डावे दोन मात्र सारखेच वाटले.

"अहो, यातला कडक कोणता?"

ह्यांनी दोन्ही दाबून पाहिले. "दोन्ही तुझ्यासारखे आहेत. वाकत नाहीत."

शेवटी अंदाजाने एक ठरवला आणि सोसायटीच्या कार्यक्रमाला भांडी देताना आम्ही बायका बुडाला लावतो तसा, कडक संचाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. स्पृहाला वाटलं, मार्कर पाण्यात जाईल म्हणून आईने तिच्याच खुणा पक्क्या केल्या. "आई, तू ग्रेट आहेस यार!" म्हणत मिठी मारली आणि बस गाठायला पळाली. त्या मिठीत सांगायचं राहून गेलं.

खोटं कशाला लिहू, नुसतं राहून गेलं नाही. बोर्ड घसरला, रविराजने मान हलवली, तर मुलगी सोमवारी परत भोसरीला कामावर जाईल आणि संध्याकाळी घरी जेवायला असेल, हा विचार कालपासून माझ्या मनात पाय पसरून बसला आहे. पण मग ती महिनोन्‌महिने स्वतःच्या हातातली चूक शोधत राहील. फूटपट्ट्यांची ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिसरीतल्या मुलीची वही, पण तुटलेल्या अकरासुद्धा तिने प्रामाणिकपणे लिहिल्यात.

उपायही तिनेच शिकवला आहे. फिनचं बूड टेबलाच्या कडेला घट्ट आवळायचं, टोकाला पाण्याची भरलेली बाटली टांगायची. जो जास्त झुकेल तो ग्लास फायबरचा. पाच मिनिटांचं काम. ती ओरडेल, "घासलेसच कशाला?" ओरडू दे.

साडेदहा वाजलेत. आज लवकर झोपणार, असं तिने सांगितलंय, म्हणजे जागीच असेल. फोन लावते.